दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

दमयंतीला इंग्रजी येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सातवीत शाळा सुटली, तेव्हा इंग्रजीशी जेमतेम तोंडओळख झाली होती, आणि पुढं ती वाढवायची गरज तिला कधी भासली नाही. तरीसुद्धा मिरजोळ्याच्या आमच्या वरच्या वाडीतच काय, अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात 'लास्ट ट्राम' या मुंबईच्या रॉक बॅण्डची तिच्याइतकी कट्टर चाहती सापडली नसती. तिच्याखेरीज दुसरी चाहतीच नव्हती, हा भाग निराळा.

हे खूळ घरात आणलं तिच्या नवऱ्यानं. हरिश्चंद्र मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला. एकदा बोटीवरून उतरून घरी येताना त्यानं कुलाब्याच्या एका दुकानातून कॅसेट आणली. बॅण्डवाल्या पोरांनी पदरमोड करून शे-दोनशे काढल्या होत्या, त्या खपेनात, म्हणून दुकानदारानं एक याच्या गळ्यात मारली. वर ना फोटो, ना गाण्यांची नावं. पांढऱ्या कागदावर शाईनं फक्त बॅण्डचं नाव. पहिल्या संध्याकाळी ओटीवर टेपरेकॉर्डर लावला आणि गाणारा सुरू झाला, तेव्हा आप्पा, म्हणजे दमयंतीचे सासरे, अडकित्ता हातात तसाच धरून म्हणाले, "ह्येंचा कोण गेला काय रे?"

दमयंतीला मात्र तो आवाज भलताच आवडला. जाडाभरडा, थोडा बसलेला, खाडीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा. शब्द कळत नव्हते म्हणून तिचं काही अडलं नाही. गाण्यांना नावं नव्हती, तर तिनं जागेवरून ठेवली. पहिल्या बाजूचं पहिलं, पहिल्या बाजूचं शेवटचं. आणि सगळ्यांत लाडकं, दुसऱ्या बाजूचं तिसरं.

त्या गाण्यात एक गंमत होती. गाणारा एक ओळ म्हणायचा आणि मग दहावीस माणसं मिळून काहीतरी ओरडायची. पुन्हा ओळ, पुन्हा ओरडा. हरिश्चंद्र सुटीवर असला की परसात लाकडं फोडताना ओळ म्हणायचा, त्याला येईल त्या इंग्रजीत, आणि दमयंती चुलीपाशी बसून, तिला येईल त्या इंग्रजीत, ओरडून जबाब द्यायची. शेजारीपाजारी आधी घाबरले, मग हसले, मग त्यांच्याही अंगवळणी पडलं.

"एकदा मुंबईला जायाचां आणि ह्येंना समोर बसून ऐकायचां," हरिश्चंद्र दर सुटीत सांगायचा. एका सुटीत कौलं बदलायची निघाली, दुसरीत बहिणीचं लग्न, तिसरीत हापूसची कलमं लावायची होती. सुट्या अशाच सरल्या. शेवटच्या खेपेला तो निघाला तेव्हा दमयंतीनं कॅसेट गुपचूप त्याच्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवून दिली. आपल्याला काय, सगळी पाठच आहेत, असं तिनं स्वतःला समजावलं.

चार महिन्यांनी पत्र आलं. जहाजावरच्या टेपनं कॅसेट खाल्ली होती. फीत बाहेर आली ती गुंतवळच होऊन, काढता काढता तुटली. शिवाय कंपनीनं मुदत सहा महिने वाढवली होती, म्हणजे पूजेला येणं होणार नव्हतं. 'आता इंजिनाचाच आवाज ऐकतो,' एवढंच त्यानं शेवटी लिहिलं होतं. रडगाणं गाणारा तो माणूस नव्हे, म्हणून तर ते एक वाक्य दमयंतीच्या फार जिव्हारी लागलं.

बोटीवरच्या माणसांच्या घरी तेव्हा पत्रापेक्षा कॅसेट भरून पाठवायची पद्धत पडली होती. दमयंतीनंही एक भरायला घेतली होती. पहिल्या बाजूवर आप्पांनी पंधरा मिनिटं कलमांची खबर सांगितली होती, पाच मिनिटं खोकले होते आणि उरलेल्या वेळात कोंबडा आरवला होता. दुसरी बाजू कोरी होती. तिच्यावर काय भरावं, हे दमयंतीला महिनाभर सुचत नव्हतं.

शहाऐंशी सालचा मे महिना. वाडीच्या सत्यनारायणाच्या पूजेचा दिवस. मुंबईकर मंडळी आली होती, देवळापुढं मांडव पडला होता, आणि सकाळीच सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. संध्याकाळी ज्या नमन मंडळाचा नाचगाण्याचा कार्यक्रम ठरला होता, त्यांच्या राधेला गालगुंड झालं होतं. राधा करणाऱ्या त्या बाप्याचा गाल असा सुजला होता, की लुगडं नेसवूनही काही भागलं नसतं. पूजा आहे आणि कार्यक्रम नाही, ही नामुष्की वाडीवर कधी आली नव्हती.

दुपारी दोनच्या सुमाराला पाणंदीतून एक मॅटाडोर धुरळा उडवत आली आणि आप्पांच्या अंगणात थांबली. चालवत होता वाडीचाच लवू. लवू मुंबईला ड्रायव्हर होता. मालक पूजेला रजा देईनात, म्हणून पठ्ठ्यानं मालकांनाच गाडीत घालून आणलं होतं.

"गोव्याला निघालेत," लवू आप्पांच्या पाया पडत म्हणाला. "थयल्या हाटेलात उद्या कार्यक्रम हाय. म्हटलां, हातखंब्याला जरा वळलां तर कुठां बिघडतां? माशाचा जेवान आणि आंब्याच्या दोन पेट्या कबूल केल्यात. संध्याकाळी दोन तास वाजवतील."

"वाजवतील म्हंजे? ब्यान्जो हाय काय?" आप्पांनी विचारलं.

"तसांच काय तां," लवू म्हणाला. खोलात शिरण्यात त्याचा फायदा नव्हता.

गाडीतून पाचजण उतरले. केस मानेवर, विजारी घट्ट, डोळ्यांवर काळे चष्मे. पोरंसोरं भोवती जमली. दमयंती स्वयंपाकघरात सुरमईच्या तुकड्यांना मीठमसाला लावत होती. बाहेर काय चाललंय याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं, पाच पानं वाढली होती तीच पुरे झाली होती. तेवढ्यात मागच्या दारातून कोणीतरी म्हणालं, "वैनी, जरा पाणी मिळंल काय?"

दमयंतीचा हात मसाल्यातच थांबला. ती वळली नाही. तिनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "परत बोला."

"पाणी," तो आवाज म्हणाला. "प्यायला."

"तुम्ही दुसऱ्या बाजूवरचे," दमयंती म्हणाली, आणि मग वळून पाहिलं.

दारात एक काळासावळा, किडकिडीत माणूस उभा होता. चाळिशीकडं झुकलेला. इतक्या मोठ्या आवाजाला माणूस अगदीच बारीक निघाला. नाव ऑस्कर, राहणार वांद्रे, घरी मराठी बोलणारा. पाणी पितापिता त्यानं सगळी हकिगत ऐकली: कुलाब्याचं दुकान, लाकडं फोडणं, बोटीवरच्या टेपनं खाल्लेली कॅसेट. ऐकताऐकता तो चुलीपाशी पाटावरच बसला. सात वर्षांत त्यांची कॅसेट विकत घेतलेला माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होता, तोही बायकोमार्फत.

"तेवढं दुसऱ्या बाजूचं तिसरं वाजवाल?" दमयंतीनं विचारलं. "मला भरून घ्यायचंय. ह्यांना धाडायला."

ऑस्करनं बोटांवर मोजलं. पहिलं, दुसरं, तिसरं. मग त्याचा चेहरा पडला.

"ते आमी सोडलं, वैनी. आता वाजवत नाय. त्या गाण्यात समोरच्या लोकांनी जबाब द्यायला लागतो. मुंबईत हाटेलात लोक जेवत असतात, कोण देणार जबाब? मी ओरडतो आणि काटेचमचे वाजतात. दोनदा फजिती झाली, तिसऱ्यांदा हिंमत नाय केली."

"आमच्या वाडीत काटेचमचे नाहीत," दमयंती म्हणाली.

ऑस्कर हसला. "बघू. लोक जिवंत असले तर शेवटी वाजवतो. नायतर नाय. कबूल?"

दमयंतीनं कबूल केलं. लोक जिवंत असण्याची तिला काय चिंता? ह्या वाडीत दोन माणसं बोलत असली तर तिसऱ्याला वाटतं मारामारी चाललीय.

ऊन उतरल्यावर मांडव भरला. आरती झाली, शिऱ्याचा प्रसाद वाटला गेला. सत्यनारायणाचा चौरंग मंचाच्या उजव्या अंगाला तसाच होता, त्याच्याशेजारी ड्रम मांडले होते. वाडीत कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय, म्हणजे देवापुढं जाहीर मागणं मांडल्याशिवाय, सुरू होत नाही, मग ती विहीर खणणं असो की क्रिकेटची मॅच, आणि गाऱ्हाणं घालायचा मान आप्पांच्या घराण्याचा. आप्पा पुढं झाले, नारळ हातात घेतला आणि देवाला हाक घातली. त्यांच्या प्रत्येक वाक्याला सगळ्या मांडवानं एका सुरात "होय महाराजा" म्हटलं. मंचावरचे पाचजण हात बांधून उभे होते, आपल्याला काही करायचं असतं काय अशा चेहऱ्यानं.

गाऱ्हाणं आटपल्यावर आप्पांनी स्वतःहून चार शब्दांची भर घातली. "पाव्हणे लांबून आलेत. इंग्रजीत म्हणणार हायत. कळला नाय तरी कुणी गडबड करायची नाय. देवाचा कार्यक्रम हाय, गप बसून ऐकायचा."

घात झाला तो इथं. आमच्या लोकांना न कळणाऱ्या भाषेची सवय होतीच. भटजी पोथी वाचतात, ती तरी कुठं कळते? न कळणारं म्हणजे मंत्र, आणि मंत्र म्हणजे हात जोडून, मान खाली घालून ऐकायचे. 'लास्ट ट्राम'नं पहिल्या बाजूचं पहिलं गाणं सुरू केलं. ड्रमच्या दणक्यानं देवळावरची कबुतरं उडाली, आणि खाली बसलेल्या दोनअडीचशे माणसांनी हात जोडले.

दमयंती पुढच्या रांगेत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसली होती. कोरी बाजू अर्ध्या तासाची, म्हणून तिनं बटण अजून दाबलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं तिला बटणाची आठवणही नव्हती. टेपमधला आवाज टेपएवढाच असतो अशी तिची समजूत होती. इथं तो छातीत शिरत होता, बाकड्यातून पायांत येत होता, मांडवाच्या कापडाला फुगवत होता. ती हळूच मान हलवू लागली. मग शेजारच्या गोदाकाकीनं तिच्या गुडघ्यावर चापट मारली, "गप बस गो, देवासमोर हायस."

गाणं संपलं. कोणी टाळी वाजवली नाही. सत्यनारायणाच्या कथेला टाळ्या वाजवतात काय? दुसरं संपलं, तरी तेच. तिसऱ्याला चिमाआजी काठी टेकत मंचावर गेली. ऑस्करच्या डोळ्यांत आशा चमकली. तिनं गिटारला हळदकुंकू लावलं, ड्रमवर अक्षता टाकल्या, पाया पडली आणि परत येऊन बसली.

चौथ्या गाण्यानंतर ऑस्करनं घाम पुसला. त्याचं तोंड पार उतरलं होतं. गिटारवाल्या पोराच्या कानात तो काहीतरी म्हणाला आणि पोरानं वायर गुंडाळायला घेतली. लवूनं गाडीची किल्ली खिशातून काढली.

दमयंतीला काय होतंय ते लख्ख कळलं. लोक कधी नव्हे इतके मन लावून ऐकत होते, आणि त्या पाचजणांना वाटत होतं, समोर सगळे मेलेत. आता हे जाणार. उद्या गोव्यात काटेचमच्यांपुढं उभे राहणार आणि ते गाणं कायमचं बुडणार. तिकडं हजारो कोसांवर एक माणूस इंजिनाचा आवाज ऐकत बसलाय.  टेपरेकॉर्डर उचलून ती उठली आणि सगळ्या वाडीदेखत पुरुषांच्या बाजूला, सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"आप्पा, उठा. गाऱ्हाणं घाला."

"आता? मघाशी घातला की!"

"ते कार्यक्रमाचं झालं. आता ह्यांच्या गाण्याचं घाला."

"गाण्याचा कधी गाऱ्हाणा असता काय गो?" आप्पांनी आजूबाजूला पाहिलं. मांडवातल्या सगळ्या मुंड्या त्यांच्याकडं वळल्या होत्या. सून भर सभेत हुकूम सोडतेय, हे काही वाडीला रोज बघायला मिळत नव्हतं. "असा रिवाज नाय."

"तुमच्या मुलाला ते ऐकायचंय," दमयंती म्हणाली.  "वर्ष होत आलं त्याला बोटीवर जाऊन. त्याच्यासाठी घाला."

 आप्पांनी टोपी नीट केली, धोतराचा सोगा सावरला आणि मंचावर चढले. ऑस्करच्या पुढ्यातला माईक त्यांनी दोन्ही हातांनी धरला. दमयंतीनं टेपरेकॉर्डर मंचाच्या कडेला टेकवला, दोन्ही बटणं एकदम दाबली आणि तिथंच त्याच्यावर ओणवी उभी राहिली.

"बा देवा महाराजा!"

"होय महाराजा!"

"ही मुंबईची लेकरां तुझ्या दारात आलीत. त्येंचा वाजाप गोड करून घे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"माझा हरी तिकडां पाण्यावर हाय. त्येला ह्यां गाणां आवडतां. का आवडतां तां तुलाच ठाव. पण त्येच्या कानापर्यंत पोचव रे महाराजा!"

"होय महाराजा!"

अडीचशे गळे. मघापासून गप्प बसून साठलेलं सगळं त्यात होतं. ड्रमवाल्यानं मान वर केली. चौथ्या "होय महाराजा"ला त्यानं नकळत दणका दिला, पाचव्याला दोन. वायर गुंडाळणाऱ्या पोरानं वायर पुन्हा खुपसली. ऑस्कर आप्पांकडं पाहत होता, आप्पा देवाकडं. मग ऑस्कर माईकशी वाकला आणि त्यानं ओळ घातली. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्याची पहिली ओळ.

क्षणभर मांडव बावचळला. पुढं आप्पांचं वाक्य यायचं, तिथं हे इंग्रजी आलं. दमयंतीनं मात्र वाट पाहिली नाही. सगळ्यांच्या आधी, बेंबीच्या देठापासून, ती ओरडली, "होय महाराजा!"

मग सगळेच ओरडले. ऑस्करनं ओळ म्हणावी आणि वाडीनं होकार द्यावा. तो काय मागत होता कोण जाणे, वाडी सगळं मंजूर करत होती. पोरं बाकड्यांवर चढली. चिमाआजीनं काठी वर केली. गोदाकाकी, जिनं मघाशी चापट मारली होती, ती पदर खोचून उभी राहिली. आप्पा मंचावरून उतरायचंच विसरले. ते माईकमागं ताठ उभे होते आणि दर होकाराला नारळ धरावा तसा हात वर नेत होते. गाणं साडेचार मिनिटांचं. त्या दिवशी ते पाऊण तास... छे, तसं वाटलं खरं, पण टेपनं नंतर सांगितलं की वीस मिनिटं चाललं. गाताना ऑस्कर हसत होता, आणि हसताना गालांवरून जे येत होतं तो सगळाच घाम नव्हता.

दिवेलागणीला मॅटाडोर गोव्याकडं निघाली. आंब्याच्या पेट्या दोन ठरल्या होत्या, चढल्या पाच. खिडकीतून डोकं बाहेर काढून ऑस्कर ओरडला, "वैनी, आता हे गाणं असंच म्हणणार!" आणि गाडी वळली.

घरी आल्यावर दमयंतीनं टेप मागं नेली, आप्पांना बोलावलं आणि बटण दाबलं. आप्पांचं गाऱ्हाणं खणखणीत आलं होतं. पुढं ड्रमचा एक दणका. आणि त्यानंतर शेवटपर्यंत, कानात बोळे घालावेत इतक्या जवळून, दमयंती. टेप तिच्याच तोंडाशी होता ना! "होय महाराजा! होय महाराजा!" मध्येच हुंदक्यासारखं हसू, मध्येच खोकला, पुन्हा "होय महाराजा!" ऑस्कर कुठंतरी खाली, दूर, कोणीतरी बंद दाराआडून गावं तसा.

तिला इतकी लाज वाटली की तिनं टेप बंद करून वर फळीवर ठेवून दिला. सात वर्षं वाट पाहिली, देव दारात आला, आणि आपण बोंबलून सगळं बुडवलं. तीन दिवस ती कॅसेटीकडं बघेना. चौथ्या दिवशी आप्पांनीच कॅसेट काढली, कागदात बांधली आणि तिच्यापुढं ठेवली.

"धाड गो. गाऱ्हाणा घातलाय. घातलेला गाऱ्हाणा फळीवर ठेवीत नायत."

माफीच्या दोन ओळी सोबत लिहून तिनं धाडली.

उत्तर आलं ते गणपतीत. हरिश्चंद्राच्या बोटीवरचा, नाटे गावचा एक खलाशी सुटीवर उतरला होता, तो वाट वाकडी करून कॅसेट देऊन गेला. आरत्या आटोपल्यावर आप्पा आणि दमयंती ओटीवर बसले. टेप सुरू झाला. आधी इंजिनाची घरघर, मग हरिश्चंद्राचा आवाज.

"आप्पा, गाऱ्हाणा पोचला. कलमांची खबर पण पोचली. कोंबडा लय आरवतो, त्येचा काय तां बघा." मग जरा थांबून, "आता ही आमची माणसां ऐका. आठ देशांची हायत." आणि लोखंडी खोलीत घुमणाऱ्या वीसेक राकट गळ्यांनी, ज्यांतल्या एकालाही मराठीचा गंध नव्हता, आरोळी ठोकली, "ओय माराजा!" कोणीतरी पिंपावर ठेका धरला होता. हरिश्चंद्र त्याच्या त्या इंग्रजीत ओळ म्हणत होता आणि आठ देश होकार देत होते.

आप्पा मांडी थोपटत हसले, हसताहसता खोकले. दमयंतीनं तोंडाला पदर लावला होता.

आरोळ्या थांबल्या. पुन्हा फक्त इंजिन. मग हरिश्चंद्र बोलला, अगदी हळू, माईक तोंडाशी धरून.

"दमे, तू लिवलंस, गाणां नीट आला नाय म्हणून वाईट वाटतां. खरां सांगू? गाणां काय फारसा ऐकू येत नाय. तू येतंस. मी रोज लावतंय."

आप्पा उठले, मला काही ऐकू आलं नाही अशा आविर्भावात अंगणात गेले आणि तिथून विचारलं, "काय म्हणतो गो?"

"काही नाही," दमयंती म्हणाली. "पोचलं म्हणतात." आणि तिनं ती कॅसेट मागं नेली.